काचेची केबिन

कन्ना चौकात माझा एसटीडी बूथ होता.
केबिनचं दार नीट लागायचं नाही,
बिजागरी पहिल्याच वर्षी गेली, मी बदलली नाही.
आत माणूस बोलायचा, बाहेर लाल आकडे पळायचे,
आकड्यांशेजारी मी.
ऐकू येतं त्याला काय करणार, असं म्हणत आलो इतकी वर्षं.
खरं सांगू?
मला ऐकायचं असायचं.

काय बोलायची माणसं?
पगार झाला नाही, शनिवारी पाठवतो.
अम्माला सांगू नको, गाठ आहे म्हणतात.
पाटल्या सोडवल्या का? मग लग्नात काय घालणार ती?
एक पोरगा रात्री दर उतरला की यायचा,
भिवंडीचा नंबर फिरवायचा
आणि नुसता धरून ठेवायचा कानाशी.
त्याचं मी कुणाला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं त्यात सापडलं नाही.

राजमणी येमुल गुरुवारी यायची,
कारखान्यात विड्या मोजून देऊन,
रिसिव्हरला दिवसभर तंबाखूचा वास राहायचा.
सिरसिल्ल्याला भावाशी बोलायची, तेलुगूत, हळू.
तिला वाटायचं, तेलुगू म्हणजे आणखी एक दार.
पण मी गड्डमांचा.
"श्रीलताला परत फिट आली. गोळ्या चालू आहेत.
मुलाकडच्यांना सांगायचं आहेच, साखरपुड्याच्या आधी.
पण मी सांगेन. माझ्या तोंडानं."

रात्री जेवताना मी कलावतीला सांगितलं.
एवढंच. शेंगाचटणीवर तेल घेता घेता.
मनात वाईट काही नव्हतं ओ.
कलावती नळावर बोलली.
पाणी तेव्हा दिवसाआड यायचं,
बातमी रोज.

राजमणीला दवाखान्यातल्या कंपाउंडरचा संशय आला.
त्याच्याशी भांडली भर रस्त्यात.
गुरुवारी परत आली, आवाज आणखी बारीक करून.
चौदा रुपये झाले. सुटे दिले.
मी घेतले.

माझा बाप जकार्डची कार्डं पंच करायचा.
पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं, बाकी काही नाही.
हमालानं गठ्ठा डोक्यावर घेतला,
वॉचमननं उघडून बघितला, सायकलवर बांधून
अख्ख्या साखर पेठेतून नेला, तरी भोकंच.
मोर उठायचा तो मागावर, चादरीत.
मी लहान असताना विचारलं, अप्पा, यात मोर कुठाय?
म्हणाला, ज्याच्याकडे जायचाय त्याच्याकडे गेला की दिसतो.
आणि विडी विझवून पुढची पट्टी घेतली.

भार्गवीनं परवा फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं.
"अप्पा, हे मधल्या कुणालाच वाचता येत नाही. कंपनीलासुद्धा."
मी म्हणालो, आपल्या घरात कसली आलीय चोरी?
म्हणालो खरा.
मंगळवारी रिपोर्ट आला, लघवीच्या जागेचा.
फोटो काढून पोरीला पाठवला,
खाली टाइप केलं, एका बोटानं, चष्मा लावून:
आईला सांगू नको. मी सांगेन. माझ्या तोंडानं.
पाठवून झाल्यावर वाचलं.
बराच वेळ दुकानातलं झेरॉक्स मशिन चालूच राहिलं,
एकच कोरा कागद बाहेर टाकत.

केबिन अजून आहे. तिच्यात कागदाची रिमं ठेवतो.
काल श्रीलता आली, नवा फोन घेऊन.
केस पिकलेत. गळ्यात बालवाडीचं ओळखपत्र.
"अण्णा, यातलं बोलणं बाहेर जात नाही ना?"
नाही म्हणालो. तुम्ही आणि समोरचं माणूस. तिसरं कुणी नाही.
"तुम्हालाही नाही दिसत?"
हसत विचारलं तिनं. हसतच विचारलं असावं.
मी म्हणालो, आता पिन टाका, सहा आकडी,
आणि पाठ फिरवून उभा राहिलो,
केबिनच्या काचेकडे तोंड करून.
काचेत तिची बोटं दिसायला लागली
तसे डोळे मिटले.